नॉर्दम्ब्रियन स्मॉलपाइप्सला नवी पिशवी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

कामाला आलेला संच नॉर्दम्ब्रियन स्मॉलपाइप्सचा, म्हणजे एका लहान बॅगपाइपचा. सात चाव्यांचा चॅन्टर (बोटांनी वाजवायची नळी), एकाच सामाईक स्टॉकमध्ये (नळ्या पिशवीला जोडणारा, पिशवीत बांधलेला तुकडा) बसवलेले चार ड्रोन (एकच सूर सतत धरणाऱ्या नळ्या), पट्टी एफच्या किंचित वर. आपल्याकडे लष्करी बँडमध्ये दिसतो तो बॅगपाइप तोंडाने फुंकायचा असतो. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्दम्बरलँडात वाढलेल्या या वाद्यात उजव्या कोपराखाली भाता असतो आणि डाव्या काखेत पिशवी. बसून वाजवायचं, आवाज खोलीपुरता. रीड (हवेने कंप पावून सूर काढणाऱ्या जिभा), ड्रोन, भाता सगळं शाबूत आहे. बदलायची आहे ती फक्त पिशवी.

वादकाची तक्रार अशी : अर्ध्या तासात डावा खांदा वर चढतो, डावं मनगट आत वळतं आणि ड्रोन हनुवटीकडे येतात. जुनी पिशवी गळते का हे आधी तपासलं. सगळे स्टॉक बुचांनी बंद करून दाब मोजायच्या पाण्याच्या नळीवर ४० सेंमी दाब दिला, तो नीट टिकला. म्हणजे कातडं चांगलं आहे. दोष मापात आणि भोकांच्या जागांत आहे. हे सुरुवातीलाच निश्चित करावं लागतं. खांदा दुखला की ‘मऊ कातड्याची पिशवी घ्या’ असं हमखास सांगितलं जातं, पण मऊ कातड्याची चुकीच्या मापाची पिशवीही तेवढीच दुखते.

जुन्या पिशवीची मापं, सपाट पसरून, शिवणीची कड सोडून : पोट ४३ सेंमी लांब, २३ सेंमी रुंद, मान (चॅन्टरकडे जाणारा अरुंद भाग) ११ सेंमी. ड्रोनचं भोक बरोबर वरच्या घडीवर.

१४ जानेवारी

आज फक्त मापं. हात नसलेली खुर्ची, पाय जमिनीला सपाट, भाता पट्ट्याने कमरेला बांधलेला, पिशवी नाही. वादकाने डोळे मिटून दोन्ही हात चॅन्टर धरल्यासारखे समोर आणायचे आणि थांबायचं. उघड्या डोळ्यांनी हात आधीच्या सवयीच्या जागी जातात, म्हणून डोळे मिटणं आवश्यक. हात थांबले ती जागा छातीच्या मध्यरेषेवर, बरगडीच्या खालच्या टोकाच्या उंचीला आली. तिथून डाव्या काखेच्या पुढच्या कडेपर्यंत फीत लावून अंतर घेतलं. मानेची लांबी या अंतरावरून काढायची, जुन्या पिशवीवरून नाही.

आता जाडी. सपाट पिशवी फुगली की तिचा घेर सपाट रुंदीच्या दुप्पट राहतो, म्हणून फुगलेला व्यास म्हणजे रुंदी गुणिले ०.६४. जुनी २३ सेंमीची पिशवी साडेचौदा सेंमी जाड होत होती. बारीक चणीच्या माणसाच्या काखेत एवढी जाडी आली की कोपर बाहेर ढकललं जातं आणि खांदा आपोआप वर जातो. २० सेंमी रुंदीला व्यास १२.८ येतो, १८ ला साडेअकरा.

जाडीइतकाच दुसरा हिशेबही महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी मांडत नाही. ४० सेंमी पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्रॅम. हात आणि पिशवी १५० चौरस सेंमीवर टेकत असतील तर हाताला ६ किलोचा जोर धरून ठेवावा लागतो. मोठ्या पिशवीवर तेच क्षेत्र २०० झालं तर ८ किलो. सूर तोच, दाब तोच, श्रम मात्र एक तृतीयांशाने जास्त. पिशवी मोठी म्हणजे हवा भरपूर आणि वाजवणं सोपं, हा समज इथेच मोडतो.

मग सगळ्यात लहान का नको? भाता उघडून पुन्हा भरेपर्यंत वाद्य पिशवीतल्या साठ्यावर चालतं. साठा लहान असेल तर तेवढ्या वेळात हाताला जास्त आत जावं लागतं आणि भात्याचा प्रत्येक ठोका सुरात ऐकू येतो. चॅन्टरची रीड दाबाला लगेच प्रतिसाद देते, ड्रोनच्या रीड वेगळ्या प्रमाणात देतात, त्यामुळे दाब हलला की सूर एकमेकांपासून सुटतात.

जुन्या चादरीच्या १८, २० आणि २२ सेंमी रुंदीच्या नमुना-पिशव्या शिवून त्यात चिंध्या घट्ट भरल्या. काखेत धरून प्रत्येकी वीस मिनिटं बसायचं. २२ ला खांदा चढला. १८ ला कोपर जवळजवळ बरगड्यांना लागलं, दाबायला जागाच उरली नाही. २० ठरली.

१९ जानेवारी

साहित्याची निवड.

तोंडाने फुंकायच्या बॅगपाइपसाठी ज्या श्वास घेणाऱ्या कृत्रिम कापडाच्या पिशव्या मिळतात, त्यांचा मुख्य गुण ओलावा बाहेर टाकणं हा. भात्याची हवा कोरडीच असते, त्यामुळे तो गुण इथे वाया जातो. त्या लगेच हवाबंद असतात आणि देखभाल मागत नाहीत, हे खरं. पण कापड ताठ आहे, मानेपाशी कडक घडी पडते आणि गुळगुळीत पृष्ठभाग काखेतून घसरतो. पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड थंडीत आणखी कडक होतं. जानेवारीतल्या इंग्लंडमध्ये ते पत्करायची इच्छा नाही. मेंढीचं कातडं मऊ असलं तरी पातळ आणि ताणलं जाणारं. काही महिन्यांत पिशवी नकळत मोठी होते, मग मापं घेण्यात अर्थ काय राहिला?

घेतलं ते गाईचं, क्रोम पद्धतीने कमावलेलं मऊ कातडं, जाडी १.४ ते १.६ मिमी. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. पायाखाली ते उत्तम, पण या कामाला फार ताठ. तुकडा निवडताना पाठीकडचा घ्यायचा. पोटाकडचं कातडं सैल असतं, हवा सोडतं. पाहायची सोपी पद्धत : कातडं बोटावर गुंडाळून वरची बाजू बघावी, मोठ्या सैल सुरकुत्या पडल्या तर तो तुकडा बाजूला. ७० बाय ५० सेंमीचा डाग नसलेला तुकडा पुरतो.

२५ जानेवारी

कागदी नमुना. पोट ३७ बाय २०, मान १४, शिवणीसाठी सगळीकडून १२ मिमी. पिशवी एकसंध तुकड्याची, घडी वर, शिवण खाली आणि मागे. घडी जनावराच्या पाठीच्या कण्याच्या दिशेने ठेवली, कारण त्या दिशेला कातडं कमी ताणतं आणि दोन्ही भोकं घडीजवळच येणार आहेत.

जास्त वेळ मानेवर गेला. मान सरळ ठेवली तर चॅन्टर पुढे टोकतो आणि मनगटं वाकवून त्याला खाली आणावं लागतं. फार तीव्र वळण दिलं तर पिशवी थोडी रिकामी होताच मान दुमडते, हवा अडते आणि नेमका खालचा सूर बसतो. वळण मानेच्या पूर्ण लांबीत पसरलेलं हवं. चाव्यांचं वजनही यात धरावं लागतं. रॉबर्ट रीड (१७८४–१८३७) या नॉर्थ शील्ड्सच्या कारागिराच्या काळात चॅन्टरला चाव्या वाढत गेल्या. बिनचावीचा चॅन्टर हलका, चाव्यांचा जड, आणि ते वजन मान खाली ओढतं. म्हणून वळण हवं त्यापेक्षा किंचित कमी आखायचं. उरलेलं चॅन्टर स्वतः करून घेतो.

मानेची रुंदी ५ सेंमी, पण तोंडाशी ३.६. चॅन्टरच्या स्टॉकचा खाचेपाशी व्यास २२ मिमी आहे, म्हणजे घेर ६९. तोंड यापेक्षा फार मोठं ठेवलं तर बांधताना कातड्याला चुण्या पडतात आणि चुणीतून हवा जाते. दोरा कितीही आवळला तरी ती थांबत नाही.

१ फेब्रुवारी

कापणी आणि शिवण. रापीने एका दमात कापलं; कात्रीने कड खडबडीत होते आणि तिथे शिवण सरळ बसत नाही.

दोन थरांच्या मध्ये १० मिमी रुंदीची त्याच कातड्याची पट्टी. ही पट्टी शिवणीचा जीव आहे : टाका आवळला की ती दोन्ही बाजूंना दबून भोकं भरते. तिन्ही थरांना चपला चिकटवायचं सोल्यूशन लावून, दहा मिनिटं सुकू देऊन, हातोडीने हलके ठोकून चिकटवले. मग आरीने भोकं, ४ मिमी अंतरावर. फिरत्या पंचने पाडू नयेत. पंच कातड्याचा तुकडा काढून टाकतो, आरी धागे फक्त बाजूला सारते आणि ते दोऱ्याभोवती परत मिटतात. लिननचा दोरा मधमाशीच्या मेणात घोळलेला, दोन सुयांचा टाका, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून सुई. एका सुईने शिवलं आणि कधी एक टाका तुटला तर शेजारचे सैल होत जातात. दोन सुयांच्या शिवणीत तसं होत नाही.

मागची शिवण १२ सेंमी उघडी ठेवली आहे. ड्रोनचा स्टॉक मानेतून आत जात नाही, तो इथूनच घालावा लागेल.

मानेच्या शेवटच्या २ सेंमीत शिवणीची कड रापीने तासून पातळ केली. तिथूनच दोरा फिरणार आहे. जाड कड तशीच ठेवली तर दोरा तिच्यावर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंना बारीक पोकळी राहते.

२ फेब्रुवारी

भोकं पाडायच्या आधी पिशवीत चिंध्या भरून, मागची उघडी शिवण तात्पुरती टाचून पुन्हा काखेत धरली आणि खडूने जागा आखल्या. कागदावरची आखणी आणि अंगावरची जागा एकच येत नाही, आणि एकदा पाडलेलं भोक हलत नाही.

ड्रोनचं भोक : मानेच्या मुळापासून ४ सेंमी मागे, घडीपासून दीड सेंमी अंगाकडे. जुन्या पिशवीत ते थेट घडीवर असल्यामुळे ड्रोन उभे राहून चेहऱ्यासमोर येत होते. अंगाकडे सरकवल्यावर ते छातीवरून उजवीकडे आडवे पडतात. तीन सेंमीवर नेले तर उजव्या हातावर लोळतात आणि भात्याच्या हालचालीबरोबर हलतात. दीड हे मधलं.

हवा आत येण्याचं भोक : ड्रोनच्या मागे ९ सेंमी, घडीपासून साडेचार सेंमी खाली, अंगाकडेच. पिशवीचा पुढचा अर्धा भाग छातीच्या पुढे येतो, तिथे ही नळी मोकळी राहून ड्रोनच्या खालून उजवीकडे जाते. आणखी मागे सरकवली तर स्टॉक थेट बरगडीत रुततो.

भोक स्टॉकपेक्षा बरंच लहान हवं. ड्रोनच्या स्टॉकचा खाचेपाशी व्यास ३४ मिमी, भोक १६ मिमी गोल. हवेच्या स्टॉकला २० ला ८. इथे मात्र पंच योग्य, कारण गोल कड सारखी ताणते. चीर दिली तर तिच्या टोकांपासून कातडं फाटत जातं. कोमट पाण्याचा बोळा फिरवून, निमुळत्या लाकडी खुंटीने हळूहळू रुंदावलं, मग स्टॉक आतून बाहेर ढकलला. कातड्याची सुमारे ९ मिमीची कॉलर स्टॉकभोवती बाहेर उभी राहते. दोरा याच कॉलरवर, खाचेच्या बरोबर वर.

बांधणी अशी : मेण लावलेल्या जाड दोऱ्याचं एक टोक वाइसमध्ये पक्कं, दोरा ताठ, आणि स्टॉक हातांत धरून अंगाचा भार मागे टाकत स्टॉकच दोऱ्याकडे गुंडाळत जायचा. बोटांनी दोरा आवळून एवढा ताण येत नाही. बारा वेढे, एकाला एक लागून. शेवटच्या पाच वेढ्यांखाली दोऱ्याचा फासा आधीच ठेवायचा, टोक त्यात ओवून आत ओढून घ्यायचं. गाठ राहत नाही, गवसणीत टोचत नाही. स्टॉकचा कोन पहिल्या तीन वेढ्यांनंतर पाहून घ्यावा, पुढे तो फिरत नाही.

८ फेब्रुवारी

ओलवलेली कातड्याची कॉलर पूर्ण सुकली. मागची शिवण बंद केली, चॅन्टरचा स्टॉक मानेत बांधला. तेल-मेण न भरता पहिली चाचणी : कोरडं कातडं हवा सोडणारच, पण मोठी गळती आत्ताच सापडावी. साबणाचं पाणी ब्रशने शिवणीवर. पोटाच्या शिवणीवर काही नाही. मागे, उघडी ठेवलेली शिवण जिथे आधीच्या शिवणीला मिळते तिथे सतत बुडबुडे. दोन शिवणींच्या सांध्यात मधली पट्टी तुटक आली की हे होतंच. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे चार टाके उसवून, पट्टीची टोकं तिरकी तासून एकावर एक चढवली आणि पुन्हा शिवलं. बुडबुडे थांबले.

९ फेब्रुवारी

तेल-मेण. तोंडाने फुंकायच्या बॅगपाइपसाठी तयार मिळणारं मिश्रण घेतलं नाही. त्यात ग्लिसरीनसारखे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ असतात. श्वासातला ओलावा सांभाळणं हे त्यांचं काम. इथे ओलावा येतच नाही.

मधमाशीचं मेण १ भाग, नीट्सफूट तेल ४ भाग, वजनाने. नीट्सफूट हे गुरांच्या पायाच्या हाडांतून काढलेलं तेल, कातडं मऊ ठेवणारं. एकूण ८० ग्रॅम. गरम पाण्यात भांडं ठेवून मेण वितळेपर्यंत, म्हणजे ६५ अंशांच्या आसपास, तापवलं. थेट आचेवर नको. हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर मानेतून आत ओतलं. स्टॉकना बुचं. कातड्याची खरखरीत बाजू आत आहे, तीच तेल पिते. मग पीठ मळल्यासारखी पिशवी पंधरा मिनिटं मळायची, शिवण आणि कॉलरपाशी विशेष. शेवटी मान खाली करून रात्रभर टांगली, जास्तीचं गाळलं.

जास्तीचं तेल हा खरा धोका आहे. आत राहिलं तर हवेबरोबर ड्रोनपर्यंत जातं आणि रीडच्या जिभेवर बसून तिला जड करतं. पितळेलाही ते चालत नाही. चरबीतल्या आम्लाने पितळी कड्यांवर हिरवट थर चढतो. टांगून झाल्यावर स्टॉकच्या आतल्या बाजू सुती कापडाने कोरड्या पुसल्या.

१६ फेब्रुवारी

दाबाची चाचणी. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर लावलेली, पाणी भरलेलं, दोन बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे दाब. ४० सेंमीपर्यंत नेऊन सोडलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटात ३३ वर आलं. ही गळती नव्हे : नवं कातडं ताणतं, जागा वाढते, दाब उतरतो. पुन्हा ४० वर नेलं. एका मिनिटात ३७. आणखी एकदा, एका मिनिटात ३८. आकडा प्रत्येक वेळी सुधारत असेल तर कातडं ताणतंय, तोच राहत असेल तर गळतंय. पहिल्या आकड्यावर घाबरून आणखी तेल ओतणारे बरेच असतात, आणि मग रीड खराब होतात.

आमची अट : स्थिर झाल्यावर ४० वरून मिनिटाला ३५ च्या खाली नको. पास.

२२ फेब्रुवारी

संच जोडला. भात्यापासून येणारी नळी जुन्या पिशवीच्या मापाची होती, ती ६ सेंमी आखूड पडली. ताणलेली नळी पिशवीला उजवीकडे ओढते आणि सगळी मापं फुकट जातात. भाता पूर्ण उघडलेला असताना नळीत किंचित झोळ राहिला पाहिजे. नवी नळी बसवली.

झडपही पाहिली. हवेच्या नळीच्या तोंडाशी असलेलं कातड्याचं पातळ झाकण हवा परत भात्यात जाऊ देत नाही. त्याच्यावर मेणाचा थेंब पडला होता. भाता दाबताना टक् आवाज येत होता, कारण झडप चिकटून एकदम सुटत होती. कोरड्या कापडाने साफ केली, आवाज गेला.

वाजवून पाहिलं. खांदा खाली, डावं मनगट सरळ, ड्रोन छातीवर आडवे. दाब ३८ ते ४० मध्ये राहतो, भात्याचा ठोका सुरात जाणवत नाही. एक गोष्ट राहिली : गवसणी नसल्यामुळे तेलकट कातडं शर्टावरून पुढे सरकतं.

१ मार्च

गवसणी. आत जाडसर सुती कापडाचं अस्तर, बाहेर मखमल, लव मागच्या दिशेने, म्हणजे पुढे घसरताना ती कपड्याला अडते. माप फुगलेल्या पिशवीवर घेतलं, सपाट पिशवीवर नाही, आणि घेराला २ सेंमी सैल. घट्ट गवसणी पिशवीलाच आवळते : साठा कमी होतो आणि पिशवी कडक लागते, मग दोष कातड्याला दिला जातो. मागे झिप, कारण शिवण अधूनमधून पाहावी लागते. स्टॉकच्या भोकांना गोल पट्टी. तिथे मखमल लवकर उसवते.

१५ मार्च

दोन आठवडे रोज वाजवल्यानंतरची तपासणी. पोटाची रुंदी ४ मिमीने वाढली, अपेक्षित तेवढीच. मान चाव्यांच्या वजनाने थोडी उतरली आणि चॅन्टर आता नेमका मिटल्या डोळ्यांनी आखलेल्या जागी येतो. दाब ४० वरून मिनिटाला ३८. मानेच्या बांधणीपाशी एक बारीक बुडबुडा, पाच-सहा सेकंदांनी एक. मेणाचा गोळा बोटाने घासून भरला, सोडवायची गरज नाही.

देखभाल : वर्षातून एकदा १५ ते २० ग्रॅम मिश्रण, तेही आकडा घसरला तरच. हीटरजवळ ठेवू नये, मेण पातळ होऊन खालच्या शिवणीत जमतं आणि वरचा भाग उघडा पडतो. हा संच पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत न्यायचा असेल तर उलटी काळजी : तेलकट कातड्यावर आठवड्याभरात बुरशी धरते. तिथे गवसणी काढून पिशवी हवेशीर टांगावी, पेटीत बंद करू नये. बुरशी दिसली तर कोरड्या कापडाने पुसून, पंख्याखाली एक दिवस ठेवून मगच फुगवावी, नाहीतर आतली धूळ सरळ रीडपर्यंत जाते. बोरूसारख्या गवताची रीड दमट हवेत फुगून सूर बदलते, त्यामुळे तिकडे पोचल्यावर पिशवीला हात लावण्याआधी रीड दोन दिवस स्थिरावू द्यावी.